परकीय साहाय्य आणि आमची पांढरी

परकीय साहाय्य अधिक फलदायी व्हावे म्हणून देणाऱ्या व घेणाऱ्या राष्ट्रांनी परस्परांशी सहकार्य कसे करावे, या विषयावर सर्वसामान्य वाचकाला समजेल असे काही लिहून द्यावे, असा आग्रह या अंकाच्या संपादकांनी धरला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. कारण हा विषय ज्या भाषेत मांडला जातो ती करारपत्रांची आणि परिशिष्टांची भाषा सणासुदीला घरात आणण्यासारखी नाही. तथापि उमेदीची सारी वर्षे नांदेडात लोकप्रशासन शिकविण्यात आणि त्यातून उरलेला वेळ लातूर-नांदेड भागातील परदेशी पैशावर चाललेल्या योजनांचे मूल्यमापन करण्यात गेल्यावर माझी अशी खात्री झाली आहे, की या विषयाचे सर्वांत बोधक प्रकरण पॅरिसच्या वा वॉशिंग्टनच्या दफ्तरांत सापडत नाही. ते औसा, निलंगा, उमरगा या तालुक्यांच्या गावठाणांत, म्हणजे पांढरीत, उभे आहे आणि ज्याला डोळे आहेत त्याला ते एका दिवसात पाहून येता येते. वाचकांना क्लिष्ट तपशिलात शिरावे लागू नये असा माझा प्रयत्न राहील, परंतु काही तपशील असे आहेत की ते वगळले तर विषयाचा प्राणच जाईल, तेव्हा तेवढी सहनशीलता त्यांनी ठेवावी.

आमच्या भागात परदेशी पैशाविषयी दोन समजुती पक्क्या बसल्या आहेत. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्या पिढीने खाल्ली, त्या पिढीच्या मनात परकीय साहाय्य म्हणजे कोणीतरी दूरच्या दयाळू देशाने आपल्या ओंजळीत टाकलेला घास, अशी एक प्रतिमा आहे. आणि त्यानंतरच्या पिढीच्या मनात परकीय साहाय्य म्हणजे वरच्या वर गडप होणारी रक्कम, अशी दुसरी. या दोन्ही समजुतींचा मला मनापासून त्रास होतो. पहिली समजूत माणसाला हिशेब मागण्याचा हक्कच उरू देत नाही, कारण फुकट मिळालेल्या घासाचा हिशेब कोण मागणार? दुसरी समजूत हिशेब मागण्याची इच्छाच मारून टाकते. व्याख्यानांतून, शिबिरांतून, गावकऱ्यांच्या बैठकांतून मी हे कितीदा सांगितले असेल, की जागतिक बँकेकडून येणारा पैसा हा बहुतांशी कर्ज असतो, ते व्याजासह वा सेवाशुल्कासह फेडावे लागते, आणि ते फेडणाऱ्या तिजोरीत तुमच्या काडेपेटीवरचा करही जमा असतो. निजामाच्या राजवटीत आणि त्यानंतरही शेतकऱ्याला विहिरीसाठी, बैलासाठी जी तगाई मिळत असे, तिचा उद्देश ठरलेला, हप्ते ठरलेले, आणि विहीर खणली की नाही हे पाहायला गिरदावर येणार हेही ठरलेले. विकास-साहाय्य नावाचा व्यवहार जातीने या तगाईच्या घरचा आहे.

आता थोडा तपशील. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर महाराष्ट्राला जो पैसा मिळाला तो जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघाकडून, म्हणजे गरीब देशांना सवलतीची कर्जे देणाऱ्या तिच्या शाखेकडून आला. मार्च १९९४ मध्ये मंजूर झालेली ही रक्कम सुमारे २४.६ कोटी डॉलरची होती. या शाखेच्या तेव्हाच्या अटी भारतासाठी अशा, की फेड ३५ वर्षांत करायची, पहिली १० वर्षे मुद्दल मागायचे नाही, आणि व्याजाऐवजी शेकडा पाऊण इतके सेवाशुल्क द्यायचे. इतक्या सौम्य अटी कोणत्या सावकाराने कोणाला दिल्या असतील? परंतु करार बँकेचा आणि भारत सरकारचा असतो. राज्याशी होतो तो निराळा, प्रकल्पापुरता करार. दिल्लीत आलेला पैसा राज्याकडे जाताना त्या काळच्या सर्वसाधारण नियमानुसार ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान असे रूप धारण करी, आणि त्या ७० टक्क्यांवर केंद्राच्या दराने व्याज लागे. बाराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर, १ एप्रिल २००५ पासून, परकीय कर्ज ज्या अटींवर आले त्याच अटींवर राज्याला देण्याची पद्धत पडली, आणि त्याबरोबर रुपयाच्या घसरणीचा बोजाही राज्याच्या माथी आला. देणारा आणि घेणारा असे दोनच पक्ष या व्यवहारात आहेत असे जे आपण बोलतो, ते किती अपुरे आहे हे एवढ्यावरूनही दिसेल.

याहून महत्त्वाची, आणि माझ्या मते साऱ्या विषयाची किल्ली असलेली, गोष्ट म्हणजे प्रतिपूर्ती. बँक पैसा आगाऊ पाठवून मोकळी होत नाही. राज्याने आधी आपल्या तिजोरीतून खर्च करायचा, पावत्या व दाखले जोडून दावा पाठवायचा, केंद्रीय अर्थमंत्रालयातील साहाय्य-लेखा नियंत्रकाने त्याची रुजुवात करायची, आणि मग डॉलर वळते व्हायचे. मधल्या काळाची अडचण भागावी म्हणून एक खास खाते असते, पण मूळ तत्त्व ‘आधी खर्च, मग पैसा’ हेच. राज्यासारख्या मोठ्या घराण्याला हे झेपते, कारण त्याच्याजवळ तिजोरी आहे. हे तत्त्व पायरीपायरीने खाली उतरत जेव्हा ज्याच्याजवळ तिजोरीच नाही अशा माणसाच्या दारापर्यंत येते, तेव्हा काय होते, याकडे मी या लेखात शेवटी वळणार आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, आदल्या संध्याकाळी अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून झोपी गेलेल्या लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील गावांवर जे कोसळले त्याचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. सुमारे ८ हजार माणसे गेली, किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, राजेगाव अशी तेरणा नदीच्या काठची गावेच्या गावे ढिगारा झाली, आणि त्यावर मी अधिक लिहू इच्छीत नाही. जी गोष्ट फारशी लिहिली गेली नाही ती ही, की त्यानंतर हाती घेतलेला महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम एक होता, करार एक होता, देणारा तोच व घेणारा तोच होता, आणि तरीही त्याच्या पोटात दोन अगदी भिन्न स्वभावांची कामे एकाच वेळी चालू होती. पहिले काम ५२ गावे उचलून नव्या जागी वसविण्याचे. दुसरे, तेरा जिल्ह्यांत पसरलेल्या अडीच हजारांच्या आसपास गावांतील, पावणेदोन लाखांहून अधिक, तडे गेलेली पण उभी राहिलेली घरे जागच्या जागी दुरुस्त व बळकट करण्याचे. शास्त्रज्ञाला प्रयोगशाळेतही मिळणार नाही अशी ही तुलना आमच्या डोळ्यांसमोर घडत होती, आणि महाराष्ट्राने, मला खेदाने म्हणावे लागते, तिच्याकडे लक्ष दिले नाही.

स्थलांतराचा वाद हा माझ्या आयुष्याला चिकटलेला वाद आहे, आणि वाचकांनी अनुमती दिली नाही तरी तो मी येथे विस्ताराने मांडणार आहे. पुष्कळांचा असा समज आहे की गावे हलविण्याची कल्पना जागतिक बँकेने आपल्या गळ्यात बांधली. हे खरे नाही. गावे हलवावीत ही मागणी लोकांची होती, आणि ती खरी होती. ज्या मातीखालून आपल्या लेकराबाळांचे देह काढले त्या मातीवर पुन्हा चूल मांडायला कोण धजावेल? शासनाने त्या मागणीला शब्द दिला, आणि बँकेने शासनाच्या शब्दाला मान दिला. निकष ठरले ते असे : गावातील ७० टक्क्यांहून अधिक घरे पडलेली असावीत आणि गावाखाली काळ्या चिकण मातीचा थर दोन मीटरांहून जाड असावा. कागदावर हा निकष शास्त्रीय दिसतो, आणि काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर पाया घालणे जिकिरीचे, हे सारे खरेच आहे. परंतु त्या रात्री माणसे मारली ती मातीच्या थराने नव्हे.

माणसे मारली ती भिंतीने, आणि ती भिंत समजून घेतल्याखेरीज या वादात कोणी मत देऊ नये असे मला प्रामाणिकपणे वाटते. आमच्याकडच्या जुन्या घराची भिंत दीड-दोन हात रुंद; बाहेरून एक दगडी पडदा, आतून दुसरा, आणि मध्ये चिपा व माती भरलेली. दोन्ही पडद्यांना आरपार शिवणारे लांब दगड घालण्याची रीत मागे पडलेली. वर माळवद, आणि त्यावर दर वर्षी गळती थांबविण्यासाठी पांढऱ्या मातीची नवी भर, म्हणजे पिढ्यांमागून पिढ्या जाड होत जाणारे छत. जमीन हलली की मधली भर खाली बसते, पाचरीसारखी दोन्ही पडद्यांना बाहेर लोटते, भिंतीला पोट येते, आणि ती फुटते. ज्या घरांत छताचा भार लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर होता, तेथे भिंती बाहेर पडल्या तरी सांगाडा पुष्कळ ठिकाणी उभा राहिला आणि त्याखालची माणसे वाचली. म्हणजे आमच्याच सुतारांनी आजवर सांभाळलेली विद्या शाबूत होती. बिघडली होती ती गवंड्याची रीत. असे असता उपचार भिंतीवर व्हायला हवा होता, आणि झाला तो गावावर.

नव्या वसाहतींत घरे दिली गेली ती जमीनधारणेप्रमाणे : भूमिहीन व अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्याला ४००, आणि मोठ्या जमीनदाराला ७५०. हिशेबाला हे सोपे, पण ज्या गावात भाऊबंद एका बोळात राहत, ढेलजेत बसून एकमेकांच्या बैलांवर नजर ठेवीत, तेथे घराच्या मापाप्रमाणे रांगा लावल्या की थोरला भाऊ एका टोकाला आणि धाकटा दुसऱ्या टोकाला जातो. रस्ते शहरासारखे रुंद आणि काटकोनात छेदणारे, गावठाण पूर्वीच्या कित्येक पटींनी मोठे, शेत लांब. आणि त्या रुंद रस्त्यांची, लांब नळांची, गटारांची देखभाल त्याच जुन्या, तुटपुंज्या उत्पन्नाच्या ग्रामपंचायतीकडे. काही गावे देशोदेशींच्या व स्वदेशातील दात्यांनी दत्तक घेतली, आणि प्रत्येक दात्याने आपली कल्पना, आपला नकाशा, आपला वास्तुविशारद बरोबर आणला. शेजारशेजारच्या दोन गावांतील घरे जणू दोन निराळ्या देशांतील असावीत असे दृश्य त्यामुळे निर्माण झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मंडळींनी या गावांत लोकांचे म्हणणे ऐकून घेण्याचे काम मनापासून केले, हे मी पाहिले आहे. परंतु ठेकेदाराची निविदा एकदा निघाली की ऐकून घेतलेल्या म्हणण्याला जागा उरते कोठे? न्हाणीघर कोणत्या बाजूला, जनावरे कोठे, कडबा कोठे, हे प्रश्न घर हाती आल्यावर सुटले, आणि ते सुटले पत्रे ठोकून व जुन्या गावाचे दगड आणून लावून, म्हणजे नेमक्या त्याच मातीतल्या भिंतीने.

या घरांनी माणसाला भूकंपापासून निर्धास्त केले, हे मी नाकारीत नाही. तेवढ्यासाठी त्या काळच्या जिल्हाधिकाऱ्यांपासून कनिष्ठ अभियंत्यापर्यंत सर्वांनी रात्रंदिवस जे श्रम केले त्यांना मी वंदन करतो. माझे म्हणणे एवढेच की घाबरलेल्या माणसाचे मत शोकाच्या महिन्यात एकदा विचारले आणि ते कायमचे धरले; वर्षानंतर, ढिगारे उपसल्यावर आणि भिंत का पडली हे समजावून सांगितल्यावर, तेच मत पुन्हा विचारायला हवे होते. देणाऱ्याने घेणाऱ्याचा निर्णय मानला, आणि सहकार्याचे याहून शुद्ध उदाहरण ग्रंथात सापडणार नाही. पण त्या ‘घेणाऱ्या’त शासन होते, घरमालक नव्हता.

दुरुस्तीच्या कामात तो होता, आणि म्हणूनच मी तिकडे अभिमानाने बोट दाखवितो. नुकसानीच्या प्रमाणात घरटी १७ हजार किंवा ३४ हजार रुपये, हप्त्याहप्त्याने. काम घरमालकाने स्वतः करवून घ्यायचे, गवंडी त्याने निवडायचा, आणि प्रत्येक टप्प्यावर अभियंत्याने पाहून पुढचा हप्ता सोडायचा. प्रारंभी सिमेंट-लोखंडाचे साहित्य सरकारी भांडारांतून कूपनांवर दिले जाई. लोकांनी गाऱ्हाणी मांडली, की सिमेंट वेळेवर येत नाही, हवे ते मिळत नाही, आणि पुढे ती पद्धत बदलून रोख पैसा हाती देण्यात आला. करारात असलेली पद्धत गावकऱ्याच्या तक्रारीवरून बदलते, आणि ती बदलायला राज्य व बँक दोघेही राजी होतात, याला मी सहकार्य म्हणतो. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मार्गदर्शनाखाली हजाराहून अधिक गावांत ‘संवाद सहायक’ म्हणून गावातल्याच बायका नेमल्या गेल्या. ज्यांनी तोवर चावडीची पायरी चढली नव्हती त्या बायका यादीत कोणाचे नाव राहिले, कोणाच्या भिंतीत काय घातले, हे अभियंत्याला विचारू लागल्या.

निलंगा तालुक्यातील एका गावी मूल्यमापनासाठी गेलो असता एका वृद्ध बाईंनी मला त्यांच्या घरात नेऊन भिंत दाखविली. भिंतीवर हात-दोन हातांच्या अंतराने सिमेंटचे वाटीएवढे गोल ठिपके होते. भिंतीत आरपार भोक पाडून, त्यात वाकविलेली सळई घालून, काँक्रीट भरून दोन्ही पडदे शिवून टाकण्याचा हा उपाय. “हे इकडून जे दिसतंय ना साहेब, ते पलीकडून बी दिसाय पाहिजे. नाही दिसलं तर गवंड्यानं फसवलं,” असे म्हणून त्यांनी मला फिरवून गल्लीच्या बाजूला नेले आणि ठिपक्याला ठिपका जुळतो हे बोटाने मोजून दाखविले. गवंड्याने दोन ठिकाणी नुसतेच वरून लिंपले होते, ते त्यांनी फोडून पुन्हा करवून घेतले होते. माळवदावरची निम्मी माती त्यांनी मुलाकडून उतरवून घेतली होती, आणि उरलेल्या पैशांत दारे-खिडक्यांच्या माथ्याच्या उंचीवर घराभोवती पट्टा फिरविता आला नाही याची खंत त्या करीत होत्या. भारतीय मानकांच्या ज्या पुस्तिका आम्ही अभियंत्यांपुढे वाचून दाखवीत होतो त्यांचा सगळा सारांश त्या निरक्षर बाईंच्या बोटांवर होता. हे कोणत्याही ठेकेदाराने बांधलेल्या घरात मला कधी ऐकायला मिळाले नाही.

असे असूनही परगावचा पाहुणा आला की त्याला आम्ही दाखवितो ती नवी गावे, आणि दुरुस्त घर कोणी दाखवीत नाही, कारण ते जुन्यासारखेच दिसते. छायाचित्रात येत नाही ते यश प्रशासनाच्या दृष्टीने घडलेलेच नसते, याचा मला आता शीण आला आहे.

जगाच्या व्यासपीठावर घेणाऱ्याच्या हाती निर्णय देण्याचा हा विचार पुढे २ मार्च २००५ च्या पॅरिस जाहीरनाम्यात प्रतिष्ठित झाला. योजनेवर घेणाऱ्या देशाचे स्वामित्व, त्याच्याच व्यवस्थांचा वापर, दात्यांचा आपसांत मेळ, फलनिष्पत्तीवर लक्ष आणि उभयतांचे परस्परांना उत्तरदायित्व ही त्याची पाच सूत्रे. २००८ मध्ये आक्रा, २०११ मध्ये बुसान अशा परिषदा झाल्या, आणि २०१० पर्यंत गाठायच्या १३ उद्दिष्टांपैकी जागतिक पातळीवर एकच गाठले गेले, असा पाहणीचा निष्कर्ष निघाला. माझ्या विद्यार्थ्यांना मी ही सूत्रे पाठ करायला लावतो, कारण दाते जेव्हा प्रत्येक जण आपापले वाहन, आपापला अहवाल, आपापला तज्ज्ञ घेऊन येतात तेव्हा तहसीलदाराचा निम्मा वेळ त्यांच्या पाहुणचारात जातो, आणि ते थांबविणे अगत्याचेच आहे. तथापि या सूत्रांत ‘देश’ हा शब्द आहे, आणि देश म्हणजे मंत्रालय, अशी त्याची समजूत सर्वत्र करून घेतली जाते.

आमच्याकडेच हे सूत्र एक पायरी खाली उतरले, त्याचे श्रेय जलस्वराज्य प्रकल्पाला द्यायला हवे. २००३ मध्ये जागतिक बँकेच्या १८.१ कोटी डॉलरच्या कर्जाने सुरू झालेल्या या प्रकल्पात राज्याचे २६ जिल्हे होते आणि त्यांत लातूरही. पाणीयोजना ग्रामसभेने मागायची, भांडवली खर्चाचा दहावा हिस्सा, आदिवासी गावांत विसावा, लोकवर्गणीने उभा करायचा, आणि पैसा गावाच्या पाणीपुरवठा समितीच्या खात्यात टप्प्याटप्प्याने, कामाच्या आधी, जमा व्हायचा. या प्रकल्पातील एका वाडीत मला समितीच्या अध्यक्षांनी लोकवर्गणीची वही दाखविली होती. शाळेची शंभर पानी वही. प्रत्येक ओळीत नाव, रक्कम, आणि सहीच्या जागी बहुधा अंगठा. पन्नास, तीस, वीस अशा रकमा. एका ओळीत ‘तूर विकल्यावर’ असे लिहून पुढे दोन महिन्यांनी ती रक्कम भरल्याची नोंद. त्या वहीची तपासणी करणारी सामाजिक लेखापरीक्षण समिती गावातलीच, आणि तिने पाइपाच्या बिलावर हरकत घेतल्याची नोंदही त्याच वहीत. सर्वच गावांत असे घडले असे मी म्हणणार नाही. ठेकेदाराने समितीच्या नावाने कारभार चालविलेली गावेही मी पाहिली आहेत, आणि उन्हाळ्यात आमच्या काळ्या पाषाणाच्या विहिरी आटल्या की उत्तम हिशेबही कोरडाच राहतो.

आता भारत स्वतः दाता झाला आहे, आणि या विषयावर बोलताना आपण केवळ घेणाऱ्याच्या बाजूने बोलण्याचे दिवस संपले आहेत. श्रीलंकेच्या यादवीनंतर उत्तर व पूर्व भागात भारताने ५० हजार घरांचा प्रकल्प घेतला. पहिली एक हजार घरे ठेकेदारांकडून बांधून घेतली; पुढची सुमारे ४५ हजार घरे मात्र घरमालकाच्या बँक-खात्यात हप्त्याने पैसा जमा करून त्याच्याकडूनच बांधविली. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळात गोरखा व नुवाकोट जिल्ह्यांत ५० हजार घरांसाठी भारताने हीच पद्धत वापरली. भूजच्या भूकंपानंतर गुजरातने तिचा मोठ्या प्रमाणावर अवलंब केला होता, आणि लातूरच्या संवाद सहायक बायका तेव्हा कच्छमध्ये जाऊन तेथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या होत्या. या साखळीतील पहिली कडी तेरणाकाठी घडली असे मी मानतो, आणि मराठवाड्याला मागास म्हणून हिणविणाऱ्यांना हे कोणीतरी ठणकावून सांगायला हवे.

आणि म्हणूनच अलीकडचे एक प्रकरण माझ्या मनातून जात नाही. मुखेड तालुक्यातील एका विधवा शेतकरी बाईंनी ठिबक संचासाठी एका अनुदान-योजनेत अर्ज केला. योजनेचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण नियम आता जवळजवळ सर्वत्र एकच आहे. पूर्वसंमती मिळाली, तीही विनासायास, कोणाला दमडी न देता. परंतु संच आधी स्वतःच्या पैशाने विकत घ्यायचा, बसवायचा, देयक दाखल करायचे, पाहणी व्हायची, आणि मग अनुदान खात्यात यायचे. दुकानदार उधार देईना. बचत गटाचे पूर्वीचे कर्ज फिटलेले नव्हते. सावकाराचा दर शेकडा तीन, तोही महिन्याचा. मुदत संपली, पूर्वसंमती रद्द झाली. त्यांच्या शेजारच्या, नोकरदार मुलगा असलेल्या शेतकऱ्याने त्याच योजनेतून संच बसविला. यात कोणीही लाच घेतली नाही, कोणी नियम मोडला नाही, पैसा पूर्ण पारदर्शकपणे योग्य खात्यात गेला. आणि ज्या माणसासाठी योजना आखली त्याच्यापर्यंत ती पोहोचली नाही. भ्रष्टाचाराच्या पलीकडे ज्यांना काही दिसतच नाही त्यांना हे प्रकरण समजावून सांगताना मी थकून जातो.

बँकेने राज्याला लावलेली प्रतिपूर्ती राज्याने जशीच्या तशी त्या बाईंना लावली. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प हा २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जाने मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांसह १५ जिल्ह्यांत सुरू झालेला मोठा प्रकल्प; अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात पोहोचविण्याची त्याची संगणकीय व्यवस्था वाखाणण्यासारखी होती, आणि तीतही क्रम हाच होता : आधी काम, मग अनुदान. गैरवापर टाळण्यासाठी हा क्रम ठेवला असे सांगतात, आणि गैरवापराची भीती निराधार आहे असे मी म्हणत नाही. पण दुरुस्तीच्या कार्यक्रमात पावणेदोन लाखांवर घरांना आगाऊ हप्ते दिले गेले, गैरवापराला आळा घातला तो टप्प्यावर येणाऱ्या अभियंत्याने आणि यादी हातात धरलेल्या संवाद सहायक बाईने. त्याच तालुक्यांत, त्याच बँकेच्या पैशाने, तेव्हा जे शक्य झाले ते आता अशक्य का असावे?

माझी सूचना साधी आहे. दोन हेक्टरांपर्यंतची जमीन असलेल्या आणि महिलांच्या नावावरील खात्यांना पूर्वसंमतीबरोबर अनुदानाचा पहिला हप्ता द्यावा, किंवा रोख देण्याची भीती वाटत असेल तर तेवढ्या रकमेचे कूपन द्यावे, जे अधिकृत दुकानदार वटवील; पाहणीनंतर दुसरा हप्ता सोडावा; आणि प्रत्येक गावात यादी वाचून दाखविणारी, मानधन मिळणारी एक बाई असावी. बँकेशी होणाऱ्या करारात यासाठी एखादे कलम बदलावे लागेल, आणि ते बदलून घेण्याइतके वजन महाराष्ट्राचे आता निश्चित आहे. कृषी संजीवनीचा दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांसाठी मंजूर झाला आहे. त्याचे हप्त्यांचे नियम जे लिहितील त्यांनी लातूरच्या दुरुस्ती-कार्यक्रमाची शासकीय परिपत्रके अभिलेखागारातून मागवून घ्यावीत. भांडारे बंद करून रोख हप्ते सुरू करताना काढलेले हुकूम त्यांत असतील, आणि त्यांची भाषा आजही फारशी बदलावी लागणार नाही.